पानानं ओ दिली नाही

चंद्रपूर,
१२ फेब्रुवारी २०२५

करिश्मा,

जय भीम. परवा फोन तुटला तेव्हा तू "पान उघडतच नाही ना" इथपर्यंत आली होतीस. नंतर पुष्कळदा लावला, लागला नाही. म्हणून होस्टेलच्या सुट्ट्यांत लिहायचो तसं पत्र लिहिते. रेंजसाठी टेकडीवर उभं राहून साऱ्या गावासमोर तू ओरडण्यापेक्षा हे बरं. शिवाय लिहिलेलं मला पुन्हा वाचून दुरुस्त करता येतं.

तुझं म्हणणं मी नीट समजले असेन तर असं आहे. गेल्या वर्षी मोहाची फुलं वेचताना शेजारच्या टोल्यावरच्या धुरपताबाईला वाघानं नेलं. त्यानंतर जंगलाचा अभ्यास करणाऱ्या एका गटानं इंटरनेटवर एक पान सुरू केलं. कॅमेऱ्यांत दिसलेलं आणि वनरक्षकांनी कळवलेलं जमा करून, आज जंगलाच्या कोणत्या कक्षात जाऊ नये ते तिथल्या नकाशावर रोज पहाटे लाल होतं. पण पुसाटोल्यात ते पान उघडत नाही. तिथे पोचतो तो फक्त मेसेज. आणि मोह आता गळायला लागेल, तुझी आई पहाटे निघेल. बरोबर?

मी रोज पान पाहून तुला मेसेज करणं सगळ्यात सोपं. पण एकही पहाट मी चुकवणार नाही, असं मी स्वतःबद्दल लिहून देऊ शकत नाही. म्हणून हे काम मशीनला द्यायचं ठरवलंय.

पान नुसतं मागवलं तर कोरी चौकट हातात येते. लाल रंग नंतर भरला जातो. पानाच्या आत जावास्क्रिप्ट असते, म्हणजे ब्राउझरला लिहून दिलेल्या सूचना; ती तो रंग भरते. आणि ती चालायला ब्राउझर लागतो. तर कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून ब्राउझर असा सुरू करता येतो की त्याची खिडकी कुठेच दिसत नाही. आत सगळं होतं, पान उघडतं, नकाशा उमटतो, फक्त बघायला कोणी नसतं. त्या न दिसणाऱ्या खिडकीत मी माझी थोडी जावास्क्रिप्ट सोडणार: लाल कक्ष मोज, त्यांची नावं आण. आली की तुला मेसेज. ऑफिसात याला हेडलेस म्हणतात, म्हणजे बिनडोक्याचा. नाव वाईट आहे, काम चांगलं आहे.

तुझ्याकडून एकच हवं. कक्षाचा नंबर सांगून तुझ्या आईला, सोमारीकाकूंना, काय कळणार? तुम्ही त्या जागांना काय म्हणता ते लिही. एकही जागा अंदाजानं लिहू नकोस.

संघप्रिया

*

पुसाटोला, ता. अहेरी,
२१ फेब्रुवारी

संघप्रिया,

जय सेवा. तुझं पत्र मी ग्रामसभेत वाचलं. सचिव झाल्यापासून माझी ही पहिली सभा जिच्यात लोक हसले. आम्ही बोलतो गोंडीत, तुला कळावं म्हणून त्यांचं बोलणं अहेरीच्या बाजारच्या मराठीत लिहिते.

बिनडोक्याचा ब्राउझर कसा सांगावा कळेना. मी म्हटलं, सगळं काम करतो, फक्त तोंड दिसत नाही. सुकरीआत्या म्हणाली, "तोंड दिसत नाई अन् काम करते? असा नवरा मले काऊन नाई भेटला?" तिचा नवरा समोरच बसला होता. तेव्हापासून तुझ्या त्या वस्तूचं नाव बिनमुंडक्या.

कोणी विरोध केला नाही. पण लालसूकाका गप्प होता. आमच्याकडे गप्प बसलेल्या माणसाला मान्य आहे असं धरत नाहीत. तो बोलेपर्यंत सभा बसून राहते. तर बसलो. पोरं रडायला लागली, चूल पेटवायची वेळ झाली, तरी बसलो. शेवटी तो म्हणाला, "वनरक्षक चुकला तं त्याले जाऊन विचारता येते. हा बिनमुंडक्या चुकला तं धराचं कोनाले?" मग तोच म्हणाला, "होऊ द्या. पन हे तुह्या मैत्रिणीले विचारून ठेव."

जागांची नावं मागच्या पानावर आहेत. अंदाजानं एकही नाही, आईला आणि आत्याला विचारून लिहिली. नाल्याकडचा मोह सगळ्यात मोठा, आत्याची झाडं तिथेच. पेनठाण्याच्या, म्हणजे देवाच्या जागेजवळचं रान लहान आहे, पण तिथे अस्वल येतं.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात, लांब लांब असतात. वेचताना एकीला दुसरी दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं कूक द्यायची, 'कू' अशी लांब जाणारी हाक. मग प्रत्येकीनं आपल्या झाडाखालून ओ द्यायची. एकीची जरी ओ आली नाही तरी बाकीच्यांनी हातातलं टाकून तिच्याकडे जायचं. का आली नाही याचा विचार करायचा नाही, जायचं. मागे आई आणि आत्याचं भांडण होतं. आईनं कूक दिली, आत्यानं रागानं ओ दिली नाही. सगळ्या बाया काठ्या घेऊन धावल्या, तर ही झाडाला टेकून बिडी ओढत होती. आईनं तिला जे सुनावलं ते मी पत्रात लिहू शकत नाही.

करिश्मा

*

चंद्रपूर,
२ मार्च

करिश्मा,

बिनमुंडक्या आजपासून चालू. पहाटे आपोआप उठतो, पान उघडतो, लाल जागा मोजतो, तुझ्या यादीतल्या नावांत बदलतो आणि तुला पाठवतो. लाल काही असलं तर "आज अमुक ठिकाणी जाऊ नका." काही नसलं तर "आज सगळं जंगल मोकळं." मी आठवडाभर त्याच्या शेजारी दुसऱ्या, दिसणाऱ्या खिडकीत पान उघडून ताडून पाहिलं. एकदाही फरक पडला नाही. तरी मला पूर्ण स्वस्थ वाटत नाही. पण मला कशानंच वाटत नाही, हे तुला माहीत आहे.

लालसूकाकांना सांग, धरायचं मला. हे मी सहज लिहीत नाही.

रविवारी राजुऱ्याला बाबांकडे गेले होते. कोळशाच्या खाणीतून रिटायर झाल्यापासून ते दिवसभर पेपर वाचतात आणि त्यातल्या चुका काढतात. त्यांना बिनमुंडक्याचं सांगितलं. ते म्हणाले, "त्याले वाचता येते ना बरोबर?" मी म्हटलं, येतं. तुला सांगितलं होतं ना, शाळेत घालायच्या आधी त्यांनीच मला दाराच्या फळीवर खडूनं अक्षरं काढून शिकवलं. संध्याकाळी उजेड गेला की मी न दिसलेला शब्द अंदाजानं वाचायची, आणि तो पुष्कळदा बरोबर निघायचा. तरी ते फळी पुसून टाकायचे. "दिसलं नाई तं दिसलं नाई म्हन, बाई." मला तेव्हा त्यांचा राग यायचा.

दर आठवड्याला एक पत्र टाक. दोन ओळींचं चालेल.

संघप्रिया

*

पुसाटोला,
१३ मार्च

संघप्रिया,

मोह जोरात गळतोय. सगळ्या गावाला त्याचा वास आहे, माझ्या वहीलासुद्धा.

तुझा मेसेज आला की मी ग्रामसभेच्या भोंग्यावर वाचते. लोक अंगणात टोपल्या घेऊन थांबलेले असतात. सोमवारी आला, "नाल्याकडे जाऊ नका." आत्या कुरकुरली, पण नाही गेली. उन्हं वर आल्यावर लालसूकाका आणि पोरं नाल्यावर जाऊन आले, तर ओल्या वाळूत ताजे ठसे. तेव्हापासून बिनमुंडक्याचा मान वाढला. आत्या म्हणते त्याचं लग्न लावू, फक्त हार कुठं घालायचा ते ठरवा.

आईला एकच पटत नाही. मोकळं सांगितलं त्या दिवशी बाया कूक देत नाहीत. गप्पा करत जातात, वेचतात, येतात. आई म्हणते, "भोंगा गावात हाय, तो झाडाखाली येते का?" पण आईला नवं काहीच पटत नाही. तिला प्रेशर कुकरसुद्धा पटला नव्हता.

करिश्मा

*

चंद्रपूर,
४ एप्रिल

करिश्मा,

तुझं मार्चच्या मध्यानंतर पत्र नाही. म्हणजे सगळं ठीक असेल, कामात असशील असं मी धरलं. मेसेज रोज जातायत, ते मी पाहते.

इथे ऊन सुरू झालंय, ऑफिसच्या जिन्याची लोखंडी पट्टी दुपारी धरवत नाही. तुला सांगायची बातमी अशी की आमच्या साहेबांना बिनमुंडक्या आवडला. आणखी काही गावांना हे द्यावं असं त्यांच्या मनात आहे. महिनाअखेर एक कार्यक्रम आहे, तिथे मी दहा मिनिटं बोलायचं म्हणतात. मी काय बोलणार? हे काळ्या पडद्यावर एका ओळीचं काम आहे. पण ते म्हणाले, तू गावाबद्दल बोल. तर तुला विचारते, नाल्यावरच्या ठशांची गोष्ट सांगू का? गावाचं नाव घेऊ का? सभेची परवानगी लागेल ना?

सुकरीआत्यांना सांग, हार कीबोर्डला घालू.

संघप्रिया

*

(पोस्टकार्ड)

८ एप्रिल

संघप्रिया,

सगळे बरे आहेत. मोह संपत आला. मेसेज सध्या बंद कर. दुसऱ्या गावांना देऊ नको. कार्यक्रमात आमचं काही सांगू नको. कारण नंतर लिहीन. रागावले नाही.

करिश्मा

*

राजुरा,
१५ एप्रिल

करिश्मा,

तुझं कार्ड मिळालं त्याच दिवशी बिनमुंडक्या बंद केला. साहेबांना, अजून तपासणी बाकी आहे, एवढंच सांगितलं. कार्डावर चंद्रपूरचा शिक्का होता. अहेरीचं टपाल हल्ली इकडून फिरून येतं की काय कोण जाणे.

जयंतीसाठी बाबांकडे आलेय. काल मिरवणुकीहून आल्यावर, तू बंद का करायला लावलंस या विचारानं लॅपटॉप उघडला. ऑफिसात नेट पळतं. इथे मोबाइलचं नेट लावलं, आणि काल गर्दीमुळे ते जेमतेम चालत होतं. मी बिनमुंडक्या हातानं चालवला, आणि शेजारी तेच पान दिसणाऱ्या खिडकीत उघडलं. दिसणाऱ्या खिडकीत नकाशाची नुसती चौकट होती, आत पांढरं. रंग अजून यायचे होते. तेवढ्यात काळ्या पडद्यावर ओळ आली: आज सगळं जंगल मोकळं.

मी पुन्हा चालवला. पुन्हा मोकळं. मग खिडकीत नकाशा हळूहळू भरला. दोन कक्ष लाल होते.

झालं ते असं. मी त्याला सांगितलं होतं, पान उघड, थोडे सेकंद थांब, लाल मोज. ते सेकंद मी ऑफिसच्या नेटवर बसून ठरवले होते. तेवढ्यात रंग आले नाहीत तर तो कोरं पान मोजतो. कोऱ्या पानात लाल शून्य. आणि शून्य म्हणजे मोकळं, असं मीच त्याला शिकवलं. पान सुस्त असेल त्या कोणत्याही पहाटे, ऑफिसातूनसुद्धा, हे होऊ शकतं. मी आठवडाभर ताडून पाहिलं ते सगळे दिवस पान वेगात होतं.

बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "त्याले दिसलं नाई, अन् त्यानं वाचलं म्हनलं."

आता सरळ विचारते, तूही सरळ लिही. अशी एखादी पहाट तिकडे आली होती का?

संघप्रिया

*

पुसाटोला,
२३ एप्रिल

संघप्रिया,

आली होती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मेसेज आला, "आज सगळं जंगल मोकळं." मी भोंग्यावर वाचला. लालसूकाका अंगणात उभा होता. म्हणाला, "नाल्याकडे वानरं खाकरून राह्यले केव्हाचे." वाघ दिसला की ती तशी ओरडतात. सुकरीआत्यानं टोपली डोक्यावर घेतली. "वानराचं ऐकू का बिनमुंडक्याचं? चला वं." मीही हसले. हे लिहून ठेवते, कारण भोंगा माझ्या हातात होता.

बाया गेल्या. त्या दिवशी कोणी कूक देत नव्हतं. आईनं दिली. तिला विचारलं, का दिलीस, तर म्हणते सवय. सगळ्यांनी ओ दिली, आत्यानं नाही. एक जण म्हणाली, "बिडी ओढत असन, मागल्यासारखी." आई म्हणाली, "ओढू दे. जाऊ तं खरं." आणि टोपली टाकून निघाली, म्हणून बाकीच्या निघाल्या.

वाघानं तिला खांद्याला धरलं होतं. बायांनी डबे वाजवले, ओरडल्या, काठ्या आपटल्या. तो सोडून गेला. किती वेळ लागला याबद्दल कोणाचंच कोणाशी जुळत नाही.

लुगड्याची झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणलं. अहेरी, तिथून गडचिरोली, तिथून चंद्रपूर. हो, चंद्रपूर. कार्ड मी दवाखान्याबाहेरच्या पेटीत टाकलं होतं. तुझं चार तारखेचं पत्र लोकेशनं, माझ्या भावानं, डब्याबरोबर तिथेच आणून दिलं. आम्ही तुझ्या ऑफिसपासून दोन चौकांवर होतो. एकदा मी खाली येऊन उभी राहिले. तू डबा घेऊन जिना उतरलीस, कोणाशी तरी हसत होतीस. पट्टी तापली होती म्हणून हात झटकलास. मी हाक मारली नाही.

का, ते लिहिते. मारली असती तर तू आत्याच्या खाटेपाशी येऊन बसली असतीस आणि माफी मागत राहिली असतीस. मग आत्याला तुझी समजूत काढावी लागली असती. तेवढी ताकद तेव्हा तिच्यात नव्हती. माझ्यातही नव्हती. आणि मला हेही माहीत नव्हतं की तुला काय सांगायचं. बिनमुंडक्या चुकला, की पान चुकलं, की वाघ तिथे नंतर आला, हे इथे कोणालाच कळलं नव्हतं. ते आता तुझ्या पत्रातून कळलं.

एक गोष्ट मनात ठेवत नाही. तू लिहिलंस, पत्र नाही म्हणजे सगळं ठीक असेल असं धरलं. ते मी दवाखान्याच्या पायरीवर वाचलं आणि मला फार राग आला. तुझा बिनमुंडक्या आणि तू एकाच घरचे आहात.

आत्या जिवंत आहे. घरी आहे. उजवा हात खांद्यातून उचलत नाही. डाव्या हातानं बिडी ओढायला शिकली.

माफीचं पत्र पाठवू नकोस. मला ते सभेत वाचावं लागेल.

करिश्मा

*

चंद्रपूर,
२९ एप्रिल

करिश्मा,

तू नको म्हणालीस तो शब्द या पत्रात नाही.

काय बदललं ते लिहिते, सभेत वाचता येईल असं. नकाशा पूर्ण भरला की त्या पानाच्या तळाशी एक ओळ येते, "आजची नोंद पूर्ण." ती सगळ्यांत शेवटी येते. हे मी अभ्यासगटाला विचारून पक्कं केलं, अंदाजानं धरलेलं नाही. बिनमुंडक्या आता सेकंद मोजत नाही. ती ओळ दिसेपर्यंत थांबतो. दिसली तरच लाल मोजतो. फार वेळ थांबूनही दिसली नाही तर पान पुन्हा उघडतो, पुन्हा थांबतो. तरी नाही दिसली तर मोकळं म्हणत नाही. तेव्हा मेसेज येईल, "पानानं ओ दिली नाही."

हे शब्द तुमचेच आहेत. तुझ्या फेब्रुवारीच्या पत्रात सगळं लिहिलेलं होतं. मी ते गंमत म्हणून वाचलं होतं.

आणखी एक. बिनमुंडक्या स्वतःच बंद पडला, वीज गेली, नेट गेलं, तर काहीच मेसेज येणार नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. काहीच आलं नाही तर तेही ओ न आल्यासारखंच समजा.

हे सगळं तयार आहे, पण बंद आहे. सभा सांगेल तेव्हा सुरू करीन, किंवा पुसून टाकीन. धरायचं मला, हे मी लालसूकाकांना लिहिलं होतं, ते तसंच आहे. सभेनं बोलावलं तर येईन. बोलवायचं नसेल तर तसं कळव. काहीच कळवलं नाहीस तर मी त्यावरून काही धरणार नाही, पुन्हा विचारीन.

कार्यक्रमाला मी नाही म्हणाले.

संघप्रिया

*

पुसाटोला,
२० मे

संघप्रिया,

तेंदूपत्त्याच्या गडबडीत उशीर झाला. पानं तोडायला सगळं गाव पहाटे जंगलात, दुपारी गड्ड्या बांधायला अंगणात.

तुझं पत्र सभेत वाचलं. मग लालसूकाका म्हणाला, "म्या पहिलेच विचारलं होतं. चुकला तं धराचं कोनाले?" मी म्हटलं, ती लिहिते की मला धरा. भोंग्यावर मी वाचलं होतं, म्हणजे मलाही. तर सुकरीआत्या मागून म्हणाली, "वाघानं मले धरलं ना? आनखी किती जनाले धरता?"

हसायचं की नाही ते कोणाला कळेना. तिचा नवरा आधी हसला.

मग ती पुढे येऊन बसली. म्हणाली, "ओ आली नाई तं जाऊन पाहाचं, हे त्याले म्हाईत नव्हतं. आपल्याले म्हाईत होतं. तरी आपन कूक देनं सोडलं." आई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. घरी मला रोज ऐकावं लागतं.

ठरलं ते असं. बिनमुंडक्या चालू करायचा. तो मोकळं म्हणो की न म्हणो, झाडाखाली कूक द्यायचीच. आणि पानानं ओ दिली नाही असं आलं, किंवा काहीच आलं नाही, तर त्या दिवशी कोणी जायचं नाही. हे शेवटचं ठरायला दोन सभा लागल्या, कारण तेंदूचे दिवस थोडे असतात आणि पोरं ऐकत नव्हती. शेवटी प्रत्येकानं तोंडानं हो म्हटलं.

मेसेज सुरू करायला मी टेकडीवरून फोन केला तेव्हा तू फक्त "बरं" म्हणालीस. मागे लोक होते म्हणून मीही जास्त बोलले नाही.

मागच्या गुरुवारी तो मेसेज आला. "पानानं ओ दिली नाही." मी तसाच भोंग्यावर वाचला. लोक पिशव्या घेऊन उभे होते. थोडा वेळ उभेच राहिले. दिनेश, आमच्या शेजारचा, मोठ्यानं म्हणाला, "एवढं मोठं जंगल, अन् एका पानापायी घरी बसाचं?" लालसूकाकानं पिशवी खांद्यावरून काढून खुंटीला टांगली. मग एकेकानं टांगली.

दिवसभर काही झालं नाही. तेंदूची पानं झाडावर राहिली. बाया घरं सारवत बसल्या, पोरं कंटाळली, दिनेश चारदा अंगणात येऊन जंगलाकडे पाहून गेला. वाघ त्या दिवशी होता की नव्हता, आम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी कोणी ठसे पाहायलाही गेलं नाही. मला वाटलं होतं, जातील.

संध्याकाळी आत्याकडे गेले. डाव्या हातानं बिडी धरून ओट्यावर बसली होती. म्हणाली, "तुही संघप्रिया काऊन येऊन नाई राह्यली? भेते का मले?" मी म्हटलं, भीत असेल. "लिहून टाक तिले. सुकरीनं कूक देली म्हनाव."

मी म्हटलं, कूक पत्रात कशी लिहू? तर ती उठून ओट्याच्या कडेला गेली आणि चंद्रपूरकडे तोंड करून तिनं खरीच दिली. दिशा चुकली होती, ती तेलंगणाकडे गेली. पण मोठी होती. पलीकडच्या दोन-तीन घरांतून ओ आली. आत्या म्हणाली, "तुमाले नाई दिली, बसा."

आणि ती अजून थांबली आहे.

करिश्मा

*

चंद्रपूर,
२७ मे २०२५

सुकरीआत्या,

ओ.

शनिवारच्या अहेरी गाडीनं येते.

संघप्रिया